६८५ डॉलर घेतले, सात पिनांच्या सॉकेटला वायरी चारच

मे महिन्यात आम्ही १९ फुटी जुना कॅम्पर घेतला, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर. गाडीच्या मागे आधीपासून चार पिनांचा चपटा कनेक्टर होता. त्यावर फक्त दिवे चालतात. कॅम्परला इलेक्ट्रिक ब्रेक असतात, म्हणून सात पिनांचं गोल सॉकेट आणि ड्रायव्हरपाशी ब्रेक कंट्रोलर, म्हणजे गाडीतून कॅम्परचे ब्रेक लावणारं उपकरण लागतं. हे मला ठाऊक होतं. आधीच सांगतो, कारण "तुला कळलं कसं नाही?" हे ऐकून मी विटलोय.

मेकॅनिकचा नंबर मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मिळाला. "आपल्या चार-पाच जणांची कामं केलीत", असं सोबत लिहिलेलं. घरी येऊन काम करणारा. कंट्रोलर २४५, वायरिंग किट १२०, तीन तासांची मजुरी २७०, किरकोळ सामान ५०. एकूण ६८५ डॉलर. कार्ड घेत नाही म्हणाला, म्हणून बँकेच्या ॲपवरून पाठवले. कार्ड न घेणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

तीन तासांचं काम पन्नास मिनिटांत उरकलं. तेही एक वेळ सोडा. मी गाडीमागे वाकून पाहिलं. सॉकेट नवं, सात पिनांचं. त्यात शिरणाऱ्या वायरी मात्र पांढरी, तपकिरी, पिवळी, हिरवी. चारच. मी बोट लावून मोजल्या. ब्रेकची निळी कुठाय, बॅटरी चार्ज करणारी काळी कुठाय, असं विचारलंसुद्धा! "तुमच्या मॉडेलला ते आतून कॉम्प्युटरमधून येतं", तो म्हणाला, आणि मी "अच्छा" म्हणालो. तार आलेलीच नाही तर त्या पिनेत करंट येणार कुठून? एवढं डोळ्यांसमोर असून मी "अच्छा" म्हणालो. रात्री अजूनही हेच आठवतं. पण कॅम्पर २० मैलांवर स्टोरेजमध्ये होता, जोडून बघायची सोय नव्हती. कंट्रोलरचा दिवा लागलेला दिसत होता. निघायला चार दिवस उरले होते. माझ्या जागी दुसऱ्या कुणी वेगळं केलं असतं, असं मला वाटत नाही.

व्हर्जिनियात स्कायलाइन ड्राइव्ह या डोंगरातल्या रस्त्याच्या उतारावर कळलं की कॅम्परचे ब्रेक लागतच नाहीत. वेगमर्यादा ताशी ३५ मैल, मी २५ वर, आणि मागून कॅम्परचे ३,४०० पौंड गाडीला रेटतायत. कंट्रोलरची हाताने दाबायची पट्टी पूर्ण दाबली, काही झालं नाही. ब्रेक जळाल्याचा वास गाडीत भरला. मागच्या सीटवर दोन्ही मुलं. खालच्या गिअरमध्ये टाकून कशीबशी एका पॉइंटला गाडी लावली.

दुसऱ्या गॅरेजवाल्याने डॅशबोर्डखाली दाखवलं: कंट्रोलरची निळी वायर चार इंचांवर कापून टेप गुंडाळलेली. मागचं सॉकेट म्हणजे चाराचं सात करणारा, पंचवीसेक डॉलरचा ॲडॉप्टर. सगळं नव्याने करायला ५४० लागले. म्हणजे १,२२५ गेले.

पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला आहे. अहो, ब्रेक बसवल्याचं खोटं सांगून माणसं डोंगरावर पाठवली, यात दिवाणी काय? बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. सरकारी ग्राहक कचेरीत फॉर्म भरला, फोटो जोडले, दोनदा फोन केले, दोन्ही वेळा पहिल्यापासून सगळी कहाणी सांगायला लावली. सात आठवड्यांनी पत्र आलं: समोरच्याने उत्तर दिलं नाही, सबब फाइल बंद. उत्तर न देणं हीच सुटका असेल तर चोर उत्तर देईल कशाला? छोट्या दाव्यांच्या कोर्टाची नोटीसही परत आली, कारण बिलावरचा पत्ता भाड्याच्या टपालपेटीचा निघाला. पत्ता आधी नकाशावर बघा.

कॅम्पर सोबत नेल्याशिवाय हे काम करून घेऊ नका. पैसे देण्याआधी मोकळ्या पार्किंगमध्ये ताशी २० मैलांवर फक्त कंट्रोलरची पट्टी दाबा, पायाचा ब्रेक लावू नका. कॅम्परने गाडीला मागे ओढलं पाहिजे. आणि निळी वायर डोळ्यांनी बघा, पार डॅशबोर्डपर्यंत.

त्याचा नंबर ग्रुपवर अजून फिरतोय. मी दोनदा लिहिलं. वैयक्तिक वाद इथे नकोत म्हणून ॲडमिननी दोन्ही वेळा काढून टाकलं.