साडेचौदा हजारांची डबी आणि फिरवलेलं मोजमाप

आमची गाडी 2010 सालची, 1.6 लिटर पेट्रोल. बाबांनी घेतलेली. ते गेल्यावर ती माझ्याकडे आली. ओंकारेश्वर, महेश्वर, दर उन्हाळ्यात मावशीकडे उज्जैन, सगळं याच गाडीतून झालं, त्यामुळे ती विकायचा विचार घरात कुणी केला नाही. पिकअप वाढवणारी डबी विकणाऱ्या दुकानदाराने पहिल्या पाच मिनिटांत हे ओळखलं आणि माझे साडेचौदा हजार गेले. इंदूरमध्ये जुन्या गाड्या जिवापाड जपणारे खूप जण आहेत, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

मे महिन्यात इंदूरजवळच्या राऊच्या पुढे ट्रकला ओलांडताना गाडी दमल्यासारखी वाटायला लागली. ओळखीतल्या एकाने पिकअप वाढवून देणारं दुकान सुचवलं. तिथल्या माणसाने आधी मोबाईलवर कंपनीचा आकडा दाखवला: शून्यावरून ताशी शंभर किलोमीटर वेग गाठायला 11.2 सेकंद. म्हणाला, "भाऊसाहब, अभी नापते हैं, आपकी कितनी लेती है."

सुपर कॉरिडॉर या इंदूरच्या रस्त्यावर गेलो. त्याचा पोरगा गाडी चालवत होता, शेजारी मी, मागे दुकानातले आणखी दोघे. बाहेर रणरणतं ऊन, एसी चालू. डॅशबोर्डवर मोबाईल लावून जीपीएसच्या ॲपवर मोजलं: 15.2. माझा चेहरा पडला. पोरगा म्हणाला, इंजिनाच्या संगणकातला प्रोग्राम जुना झालाय, ही डबी स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावली की ती नवा प्रोग्राम देते.

डबी लावली. निळा दिवा लुकलुकायला लागला. आता मागचे दोघे उतरले, "फालतू वजन कशाला" म्हणून. एसी बंद केला, "डबी सेट होते तोवर". गाडी वळवून आलो त्याच रस्त्याने उलट निघालो. आणि ॲप अडकलंय असं सांगून पोराने माझ्या हातात स्टॉपवॉच दिलं: काटा शंभरावर आला की थांबवा. मी थांबवलं. 11.8. मला अक्षरशः भरून आलं. बाबांची गाडी परत तरणी झाली असं वाटलं. पुन्हा एकदा मोजू या म्हटलं, तर तो म्हणाला, पोलीस येतील. त्यात तो खोटं बोलत नव्हता. सार्वजनिक रस्त्यावर वेगाची चाचणी घेणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे. पण हे त्याला पहिल्या दोन फेऱ्यांच्या वेळी आठवलं नाही. पैसे तिथेच मोबाईलवरून दिले. बिल मागितलं तर "दुकान पे आके ले लेना".

आठवडाभरात लक्षात आलं की ट्रकला ओलांडताना गाडी तशीच दमते. आमच्या शेजारचे काका पीथमपूरला गाड्यांच्या कारखान्यात चाचणी विभागात होते, आता निवृत्त आहेत. त्यांना मी दोन्ही फेऱ्यांचे व्हिडिओ दाखवले. काकांनी ते दोनदा बघितले, कागद घेतला आणि म्हणाले, "यात गाडी एकच आहे रे, बाकी सगळं बदललंय."

मग एकेक गोष्ट उलगडली. गाडीचं वजन साधारण अकराशे किलो. मागचे दोघे म्हणजे एकशेचाळीस किलो, नुसते ते उतरले तरी दीड सेकंद कमी होतो. रस्त्याला शंभर मीटरमागे एक मीटर चढ असेल तर डोळ्यांना तो सपाटच दिसतो, पण चढावर साधारण अर्धा सेकंद वाढतो आणि उतारावर तेवढाच घटतो. पहिली फेरी चढाची, दुसरी उताराची. एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाचीच ताकद खातो, तो वेगळा.

सगळ्यात छुपी लबाडी काट्याची. स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवू शकत नाही, जास्त दाखवला तर चालतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमात खऱ्या वेगाच्या दहा टक्के आणि वर ताशी चार किलोमीटर इतकी सूट आहे. काकांनी बायपासवर दाखवलं: काटा 80 वर असताना जीपीएस 75 सांगत होता. त्या हिशेबाने काटा शंभरावर येतो तेव्हा गाडी खरी चौऱ्याण्णवच्या आसपास असते. चौऱ्याण्णववरून शंभरावर जायलाच एक सेकंद लागतो. पहिली फेरी जीपीएसवर आणि दुसरी काट्यावर, म्हणजे एक माप मीटरचं आणि दुसरं वाराचं. सगळं मिळून 3.4 सेकंदांचा फरक भरला, आणि डबीच्या वाट्याला काहीच उरलं नाही.

कंपनीचा आकडाही दुकानदाराने अर्धवट सांगितला होता. अशा चाचण्या हलक्या गाडीवर, सपाट ट्रॅकवर, सराईत चालकाकडून होतात. आपल्याकडे पीथमपूरला नॅट्रॅक्स या गाड्यांच्या चाचणी केंद्राचा 11.3 किलोमीटरचा वेगाचा ट्रॅक याच कामासाठी आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच आहे, त्यामुळे हवा पाच टक्के पातळ, आणि मेच्या चाळीस अंशांत ती आणखी पाच टक्के पातळ होते. टर्बो, म्हणजे हवा दाबून भरणारा पंखा, नसलेलं इंजिन तेवढीच ताकद गमावतं. म्हणजे गाडी अगदी नवी असती तरी 11.2 चे सव्वाबारा झालेच असते. हे मला माहीत असतं तर मी घाबरलो नसतो.

काकांनी शून्य ते शंभर करायला साफ नकार दिला. रविवारी पहाटे, वेगमर्यादेच्या आत, तिसऱ्या गिअरमध्ये 40 ते 80 मोजलं. यात क्लच सोडायचं कसब लागत नाही आणि ओलांडतानाची खरी पिकअप कळते. प्रत्येक वेळी आम्ही दोघेच, एसी बंद, तोच मोबाईल, तोच पट्टा, जाऊन आणि येऊन. मोबाईलचा जीपीएस बहुधा सेकंदाला एकदाच वेग घेतो, म्हणून एका फेरीवर विसंबायचं नाही, चार-चार फेऱ्यांची सरासरी काढायची. डबी लावून जाताना 9.2, येताना 8.0. डबी काढून 9.3 आणि 7.9. दोन्हीची सरासरी 8.6.

घरी येऊन डबी उघडली. सॉकेटला सोळा पिना असतात. 16 नंबरला बॅटरीचा करंट, 4 नंबरला अर्थ. इंजिनाच्या संगणकाशी बोलणं 6, 14 किंवा 7 नंबरवरून होतं. आमच्या डबीत 4 आणि 16 एवढ्याच पिना आतल्या सर्किटच्या पट्टीला जोडलेल्या होत्या. बाकीच्या नुसत्या प्लॅस्टिकात रोवलेल्या. आत एक छोटी चिप, एक रेझिस्टर आणि तो निळा दिवा. इंजिनाला तिचा पत्ताही नव्हता. काका म्हणाले, टर्बो नसलेल्या इंजिनात खरा प्रोग्राम बदलला तरी तीन सेकंद निघत नाहीत.

गाडीचा खरा आजार दुसराच होता. जॅकवर चढवून चाकं हातानं फिरवली तर मागचं डावं चाक अडखळत होतं. ब्रेक पूर्ण सुटतच नव्हता. तो मोकळा केला, एअर फिल्टर धुळीने काळा झाला होता तो बदलला, टायरमध्ये हवा भरली. अकराशे रुपये. पुन्हा मोजलं: 8.2.

कुणी तुम्हाला आधीची आणि नंतरची फेरी दाखवत असेल तर दोन्ही वेळा गाडीत कोण बसलंय, तोंड कुठल्या दिशेला आहे आणि आकडा कशावर वाचलाय हे बघा. दुसऱ्या फेरीनंतर डबी काढून तिसरी फेरी मागा. तो कां-कूं करायला लागला तर पैसे देऊ नका, आणि पक्कं बिल हातात पडेपर्यंत तर मुळीच नाही.

मी दुकानात परत गेलो तेव्हा उत्तर मिळालं, "आपने खुद टाइम नापा था." ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली आहे. पैसे दिल्याची मोबाईलवरची नोंद, दोन्ही व्हिडिओ आणि उघडलेल्या डबीचे फोटो जोडलेत. बिल नाही, ते मात्र नडतंय. काकांनी चाचण्यांचा कागद तारीख घालून सही करून दिलाय. तो बाबांच्या पेट्रोलच्या डायरीत ठेवलाय.