स्पीडब्रेकरवरची खटखट आणि साडेसोळा हजार रुपये

मार्चपासून आमच्या गाडीला एक आवाज येत होता. स्पीडब्रेकरवरून हळू उतरलं की पुढून, डाव्या बाजूने, खट-खट. विजापूर रोडला वेगात गेलं तर काही नाही, जुळे सोलापुरातल्या आतल्या रस्त्यांवर मात्र प्रत्येक खड्ड्याला ठरलेला. गाडी छोटी, पेट्रोलची, नऊ वर्षांची. रविवारी आईला घेऊन अक्कलकोटला जायचं होतं, म्हणून शुक्रवारी ऑफिसला जाताना ओळखीतल्या कुणीतरी सुचवलेल्या एका गॅरेजमध्ये ती सोडली.

गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली आणि मला पहिला प्रश्न विचारला तो आवाजाबद्दल नव्हताच. "ताई, गाडीत कोण कोण बसतं?" मी म्हटलं, आई आणि दोन मुलं. "मग रिस्क घेऊ नका. स्टीअरिंगचा रॅक गेलाय. हायवेला स्टीअरिंग लॉक झालं तर काय करणार?" त्यानंतर मी काही विचारूच शकले नाही. डोळ्यांसमोर मुलं आली. रॅक, म्हणजे स्टीअरिंग फिरवलं की चाकं वळवणारा भाग, बदलायचे साडेसोळा हजार सांगितले, मी हो म्हटलं.

संध्याकाळी गाडी मिळाली, आवाज बंद. पैसे मोबाइलवरून दिले. बिल मागितलं तर "सोमवारी देतो", जुना रॅक मागितला तर "तो कंपनीला परत द्यावा लागतो". अक्कलकोटला जाऊन आलो. आठवडा बरा गेला आणि दहाव्या दिवशी त्याच स्पीडब्रेकरवर तोच आवाज. परत गेले तर "नवीन पार्ट आहे, सेट व्हायला वेळ लागतो" एवढंच उत्तर.

शेवटी शेजारच्या काकांनी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे पाठवलं. सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचांनी गाडी उभी असतानाच मला स्टीअरिंग डावी-उजवीकडे भराभर हलवायला लावलं. आवाज नाही. "रॅक ढिला असता तर इथंच वाजला असता, तुमच्या हातालाही लागला असता." मग ते गाडीखाली गेले, पोराला बॉनेटजवळ उभं राहून गाडी हलवायला सांगितलं आणि मलाही खाली वाकायला लावलं. पुढच्या चाकामागे बोटाएवढ्या जाडीची एक दांडी असते, दोन्ही टोकांना रबराच्या टोपीत गोळी. तिला लिंक रॉड म्हणतात. माझा हात त्यांनी त्या दांडीवर ठेवला. गाडी हलली तशी बोटांखाली टिक, टिक लागलं. आवाज तिथून होता.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. रबराच्या टोपीवर सुईचं बारीक भोक होतं आणि त्याभोवती ताजं पिवळं ग्रीस. इंजेक्शनने आत ग्रीस भरलं होतं, म्हणून आठवडाभर आवाज दबला. म्हणजे आवाज कुठून येतो हे त्या माणसाला पक्कं माहीत होतं. रॅकवर काळा रंग मारलेला, नखाने खरवडला तर खाली जुना गंज. रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांडीच्या, म्हणजे टायरॉडच्या, नटावर वर्षानुवर्षांची माती तशीच, पान्याची एक खूण नाही. "ताई, हा नट सुटल्याशिवाय रॅक निघतच नाही. आणि रॅक बदलला तर चाकांची अलाइनमेंट करावीच लागते. केली होती का त्यांनी?" केली नव्हती. काही सोडण्याआधी चाचांनी मला या सगळ्याचे फोटो काढायला लावले.

दोन्ही बाजूंच्या लिंक मिळून मजुरीसकट 1,400 रुपये.

चाचांनी त्या दिवशी बरंच सांगितलं, ते तुमच्याही उपयोगी पडेल. पूर्ण वळण घेताना कट-कट आलं तर एक्सलचा जॉइंट, बहुतेक वेळा रबरी बूट फाटून ग्रीस गेलेलं असतं. वेगाबरोबर वाढत जाणारी घूं-घूं आणि गाडी एका बाजूला झुकली की तिचा सूर बदलला, तर चाकाचं बेअरिंग. ब्रेक दाबल्यावर किंचाळल्यासारखा आवाज म्हणजे पॅड संपत आलेत, आणि घासल्याचा आवाज यायला लागला तर पॅड बदलायला उशीर करू नका, डिस्क खराब होते. कच्च्या रस्त्यावरून आल्यावर अचानक पत्रा खरवडल्यासारखं झालं तर डिस्कमागच्या पत्र्यात खडा अडकलेला असू शकतो. तो काढायला खर्च जवळपास नाही, पण याच आवाजावर लोकांना बेअरिंग बदलायला लावतात. इंजिनमधून ठोके आणि सोबत ऑइलचा लाल दिवा दिसला तर मात्र गाडी जागेवर बंद करायची, गॅरेजपर्यंतही चालवायची नाही.

माझी चूक झाली ती मी मिस्त्रीला शेजारी बसवून त्या स्पीडब्रेकरवर नेलं नाही ही. आवाज त्याच्यासमोर वाजवायला हवा होता, आणि काम सुरू होण्याआधी पार्टचं नाव व किंमत लिहून घेऊन जुना पार्ट डिकीत टाकायला सांगायला हवं होतं.

मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. नाही मिटलं तर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. बिल नाही, पण पैसे दिल्याची नोंद आहे, मातीने भरलेल्या नटाचे फोटो आहेत आणि सुईचं भोक असलेली ती जुनी लिंक मी पिशवीत बांधून ठेवली आहे.