ईगल्सची ‘हेल फ्रीझेस ओव्हर’ डीव्हीडी: बेस दाखवण्यापलीकडची मैफल

होम थिएटर बघायला लातूरला जा, नांदेडला जा की छत्रपती संभाजीनगरला, दुकानदाराच्या पेनड्राइव्हवर ईगल्स या अमेरिकन रॉक बँडचं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ हमखास सापडतं. १९७६च्या अल्बममधलं नव्हे, नायलॉनच्या तारांच्या गिटारींवरचं. ते ज्या मैफलीतलं आहे ती पूर्ण बघितलेले लोक मात्र कमीच. डीव्हीडी घेण्याजोगी आहे, फक्त घरी नीट लावली पाहिजे.

१९८०मध्ये बँड फुटला. पुन्हा कधी वाजवणार, या प्रश्नाला बँडचा गायक-ड्रमर डॉन हेन्लीचं उत्तर ठरलेलं: नरक गोठेल तेव्हा. १९९४च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातल्या बरबँकच्या स्टुडिओत, एमटीव्हीसाठी, प्रेक्षकांसमोर ते परत एकत्र बसले आणि त्याच उत्तराचं नाव अल्बमला दिलं. हेन्ली, ग्लेन फ्राय, जो वॉल्श, डॉन फेल्डर, टिमथी श्मिट असे पाचही जण यात आहेत. फेल्डरला २००१मध्ये बँडने काढलं, फ्राय २०१६मध्ये वारला. आता हा संच जमणे नाही.

‘हॉटेल कॅलिफोर्निया’ची सुरुवात स्पॅनिश ढंगाच्या गिटारने होते. ओळखीची चाल लगेच येत नाही, म्हणून प्रेक्षक आधी गप्प असतात आणि चाल कळल्यावर एकदम ओरडतात. मूळ गाण्याच्या शेवटी फेल्डर आणि वॉल्शच्या इलेक्ट्रिक गिटारी भिडतात. इथे तेच दोघे बसून, नखाने तार छेडल्याचा आवाजसुद्धा लपवता येणार नाही अशा वाद्यांवर वाजवतात. दुकानात ऐकवतात तो ड्रमचा ठोका यातला सगळ्यात सोपा भाग. त्यापेक्षा काँगावरची, म्हणजे हाताने वाजवायच्या उंच ढोलावरची थाप ऐका. ढोलकीच्या शाईवरची आणि कडेवरची थाप ज्याला वेगळी कळते, त्याला इथे तळवा कुठे पडला आणि बोटं कुठे, हे कळलं पाहिजे. कळत नसेल तर बेस जास्त झालाय.

बाकीच्यात ‘न्यूयॉर्क मिनिट’ सर्वांत वरचं. मागे पूर्ण ऑर्केस्ट्रा आहे. श्मिटचं ‘आय कान्ट टेल यू व्हाय’ही तितकंच जमलेलं. तक्रार एकच, सगळं जरा जास्तच घासूनपुसून आहे. १४ वर्षं बँड म्हणून एकत्र न वाजवलेल्या माणसांची धग दिसत नाही, कसब दिसतं.

आता डिस्क. चित्र ४:३ आहे, म्हणजे जुन्या टीव्हीसारखं चौकोनी. टीव्हीवर ‘वाइड’ किंवा ‘झूम’ ठेवलं की फ्राय रुंद तरी होतो नाहीतर त्याचं डोकं कापलं जातं. सेटिंग ४:३ करा आणि दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या सहन करा. ५५ इंची टीव्हीवर चित्र मऊच दिसणार, १९९४चा व्हिडिओ आहे. आवाजाचे पर्याय दोन: स्टिरिओ पीसीएम (दोन स्पीकरांसाठी, न दाबलेला आवाज) आणि डीटीएस ५.१ (पाच स्पीकर आणि सबवूफरसाठी, दाबून साठवलेला आवाज). डीटीएस निवडल्यावर चित्र दिसतं पण आवाज येत नाही, तेव्हा डिस्क खराब नसते. टीव्ही किंवा प्लेअर डीटीएस उलगडत नाही. रिसीव्हर (सगळे स्पीकर जोडायचा, डीटीएस उलगडणारा अॅम्प्लिफायर) असेल तर प्लेअरचं डिजिटल आउटपुट ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘रॉ’ करा. नसेल तर सरळ पीसीएम लावा, त्यात कमीपणा नाही. एकाच डिस्कवर चार-पाच मैफली कोंबलेल्या नकला घेऊ नका, जागा वाचवताना डीटीएसच उडवलेलं असतं.

पुढचे दोन स्पीकर आणि तुमची जागा असा समभुज त्रिकोण करा. मागचे स्पीकर छताच्या कोपऱ्यात टांगायची आपल्याकडे पद्धत आहे. कानाच्या थोडं वर पुरे, आणि त्यांचा आवाज पुढच्यांच्या वर नेऊ नका, नाहीतर गाण्यापेक्षा टाळ्याच ऐकू येतात. एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली की बेस पातळ होतो आणि हेन्लीचा आवाज मधोमध बसत नाही. सबवूफर कोपऱ्यातून दीड फूट पुढे ओढा, क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा खर्ज सबवूफरकडे जातो ती हद्द, ८० हर्ट्झवर ठेवा. ठोका ‘धप्प’ असा संपला पाहिजे. ‘धुम्मम’ रेंगाळला तर सबवूफरचा आवाज उतरवा.

स्लॅब आणि चकचकीत फरशीच्या खोलीत काहीही वाजवा, घुमतंच. जुन्या माळवदाच्या घरात मातीच्या जाड भिंतींमुळे हा त्रास कमी. नव्या घरात खाली सतरंजी, खिडकीला जाड पडदा आणि समोरच्या भिंतीवर एक जुनी गोधडी, एवढ्यानेही फरक पडतो.

आणि उन्हाळ्यात कूलर चालू ठेवून ही डिस्क लावू नका. तो ‘लो’वर असला तरी ‘न्यूयॉर्क मिनिट’मधली व्हायोलिनं त्याच्या घरघरीत बुडतात.