तीन बटणांची वायरलेस बेल: वॉर्डात लावण्याआधी हे पाहा

जळगाव, धुळे, भुसावळकडच्या लहान हॉस्पिटलांसाठी वायरलेस कॉल बेल सोयीची, कारण जुन्या इमारतीत वायर ओढायला भिंती फोडाव्या लागत नाहीत. संच साधा असतो. प्रत्येक खाटेला तीन बटणांची डबी, सिस्टरच्या टेबलावर खाटेचा नंबर दाखवणारा डिस्प्ले आणि मावशी किंवा वॉर्डबॉयच्या मनगटावर थरथरणारं घड्याळ. लाल बटण सिस्टरला, निळं मावशीला, तिसरं कॉल रद्द करायला.

ही वाटणी पैसे वसूल करणारी आहे. एका बटणाच्या संचात सिस्टर औषधांची ट्रॉली सोडून जाते, बेडपॅन हवंय हे ऐकते आणि मग मावशीला शोधत फिरते. इथे तो फेरा वाचतो.

गोमही त्यातच आहे. निळं बटण सिस्टरला वगळून थेट मावशीला बोलावतं. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेल्या आजी ‘माय वं, पानी दे’ म्हणाल्या की मावशी ग्लास भरून देणार. एनबीएमची (तोंडाने काहीही द्यायचं नाही) सूचना केसपेपरवर, आणि केसपेपर सिस्टरच्या टेबलावर. मग भूलतज्ज्ञ केस पुढे ढकलतात आणि बोलणी मावशी खाते. युरोबॅगचं, म्हणजे नळीतून लघवी जमा होणाऱ्या पिशवीचंही तेच: ती तत्परतेने रिकामी होते, मोजायची राहते आणि चार्टवर लघवीचा आकडाच नसतो. डॉक्टर लघवी तासाला, वजनाच्या किलोमागे अर्धा मिली तरी आहे का, हे बघत असतात. त्यांना सांगणार काय?

म्हणून डबीच्या वरच दोन पाट्या टांगा: ‘तोंडाने काही नाही’ आणि ‘मोजूनच ओता’. सोबत चित्रं हवीत. सातपुड्याकडून आलेल्या पेशंटच्या नातेवाइकांनाही ती कळतात. पाटी लावणं-काढणं सिस्टरच्याच हाती ठेवा. ओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती, खाटेपाशी उभं राहून द्यायची, मावशीला सोबत घेऊन. घड्याळही तिथेच हातोहात बदलायचं, नाहीतर ते ड्युटी संपलेल्या मावशीबरोबर घरी जातं.

काही संचांत टेबलावरूनही कॉल पुसता येतो. ही सोय बंद करून घ्या. गर्दीच्या वेळी नंबर पुसला जातो, पेशंटकडे कोणीच गेलेलं नसतं. रद्द करायचं ते खाटेशी जाऊनच.

आता वस्तूबद्दल. स्वस्त डब्या ४३३ मेगाहर्ट्झवर चालतात. खोक्यावर लिहिलेली रेंज मोकळ्या मैदानातली. काँक्रीटच्या दोन भिंती आणि एक स्लॅब आला की ती कोसळते, मग सिग्नल पुढे पोचवणारा रिपीटर लागतो. आत बहुधा १२ व्होल्टची २३ए बॅटरी असते. ती उतरत आली तरी डबीवरचा दिवा लागतो, पण सिग्नल टेबलापर्यंत पोचत नाही. पेशंटला वाटतं बेल गेली. त्यामुळे दिव्यावर विसंबू नका. आठवड्यातून एकदा प्रत्येक बटण दाबून डिस्प्लेवर नंबर बघायला एक माणूस बसवा. डबी दुहेरी टेपने लावली तर आपल्याकडच्या मे महिन्यात पडणारच. स्क्रूच मारा, आणि सलाईन नसलेल्या हाताला पोचेल अशी. पुसताना हायपोक्लोराइट (जंतुनाशक) थेट डबीवर फवारू नका, आत झिरपून बॅटरीची स्प्रिंग गंजते. डिस्प्लेचा अ‍ॅडॉप्टर इन्व्हर्टरच्या लाइनवर हवा.

संडास-बाथरूमसाठी दोरीवालं, पाण्यापासून सुरक्षित बटण वेगळं मिळतं. तिथे काटकसर नको. दोरी फरशीच्या वर चार बोटांपर्यंत सोडा, कारण घसरून पडलेल्या माणसाचा हात भिंतीवरच्या बटणापर्यंत जात नाही. आवराआवरीत ही दोरी गुंडाळून वर अडकवली जाते, हे मावशींना बजावून सांगावं लागतं.

विक्रेता टेबलाजवळ उभा राहून डेमो देतो. त्याला सगळ्यात लांबच्या खोलीच्या बाथरूममध्ये पाठवा, दार लावून बटण दाबायला सांगा, मगच ऑर्डर द्या. चार-पाच खाटांच्या दवाखान्याला हे काहीच लागत नाही, हाक पुरते.