निळ्या गुलाबाच्या नादात

आमच्या गॅलरीत कठड्यालगत मोजून सहा कुंड्या मावतात. त्यातली सगळ्यात मोठी, भरपूर उन्हाची कुंडी मी निळ्या गुलाबासाठी राखून ठेवली होती. ऑनलाइन जाहिरातीत शाईसारख्या गर्द निळ्या फुलाचा फोटो, खाली ‘बी पेरा, दोन महिन्यांत फुलं’. लगेच पैसे भरले.

पाकिटातलं बी गोल, गुळगुळीत, तपकिरी. तळहात जरा कलला की घरंगळायचं. गुलाबाचं बी फिकट, टणक आणि ओबडधोबड असतं, रुजण्याआधी त्याला बहुधा काही आठवडे गारव्यात ठेवावं लागतं, हे मला तेव्हा कुठे ठाऊक! माझं बी चौथ्या दिवशी वर आलं. पहिली दोन पानं बदामाच्या आकाराची, मधोमध खाच असलेली. कौतुकानं विक्रेत्याला फोटो पाठवला. ‘छान वाढतंय, खत द्या.’ ते खतही मी त्याच्याकडूनच घेतलं. सांगायला लाज वाटते, पण घेतलं.

दीड महिन्यानं फुलं आली. पिवळी, चार पाकळ्यांची. चक्क मोहरी!

तक्रार केली तर म्हणे पाणी जास्त झालं. मग म्हणे माती बदला. माती बदलून मोहरीचा गुलाब कसा होणार? त्यानंतर माझा नंबर ब्लॉक. पैसे परत मागायची मुदत केव्हाच उलटली होती, आणि ‘दोन महिन्यांत’ या शब्दांतली खरी मेख तेव्हा लक्षात आली. फूल दिसेपर्यंत तक्रारीची दारं बंद होतात.

मग जाहिरातीतला तो फोटो मोठा करून पाहिला. पाकळ्यांच्या शिरा जास्त गडद, पानांच्या कडाही निळसर. पांढऱ्या गुलाबाचा देठ रंगाच्या पाण्यात बुडवून ठेवला की असंच होतं. निळेपणाला लागणारं डेल्फिनिडिन हे रंगद्रव्य गुलाबात तयारच होत नाही. जपानच्या सनटोरी कंपनीनं जनुकं घालून २००४ साली जाहीर केलेला आणि २००९ पासून विकलेला ‘निळा’ गुलाबसुद्धा दिसायला जांभळटच आहे. शिवाय संकरित गुलाब बियांपासून तशाच्या तसा येत नाही, म्हणून तर कलमं करतात, डोळे भरतात, म्हणजे हव्या त्या गुलाबाचा कोंब दुसऱ्या रोपावर बसवतात. तेव्हा अमुकच रंगाच्या गुलाबाचं बी कुणी विकत असेल, तर पाकीट फोडायचीही गरज नाही.

त्या कुंडीत आता सदाफुली आहे. ती आणायला रोपवाटिकेत गेले तेव्हा शेजारीच कळी धरलेला गुलाब होता. मोह झालाच. पण या वेळी बुंधा धरून हलकेच हलवून बघितला, तर अख्खी काडीच हातात आली. खाली मुळाचा एक धागा नाही. विकणारा म्हणाला, “ताई, ते रोप विकायचं नाहीये.” आणि तीच काडी त्यानं परत मातीत खोचली.