आर्सेनलची यंदाची लाल जर्सी, पाठीवर गॅब्रियल

जर्सी चांगली आहे, हे आधीच सांगून टाकते. पण आर्सेनल या लंडनच्या फुटबॉल क्लबच्या चाहत्यांना ती कशी आहे यापेक्षा कधी घेतली हे जास्त महत्त्वाचं. मी आजवर मे-जूनच्या सेलमध्येच घेत आले. तोवर प्रीमियर लीग हातची गेलेली असते, किंमत उतरलेली असते आणि मन मोडायचं शिल्लक राहिलेलं नसतं. यंदा मात्र नोव्हेंबर 2025 च्या पहिल्याच आठवड्यात, दिवाळीच्या बोनसमधून, पूर्ण किमतीत घेतली. नवऱ्याने बिल उचलून पाहिलं आणि म्हणाला, "एप्रिलपर्यंत तरी थांबायचंस." तो लिव्हरपूलचा चाहता आहे. त्याचा समाचार पुढे घेते.

आधी माल. आदिदासची 2025-26 ची होम जर्सी, फॅन व्हर्जन. अंग लाल, बाह्या पांढऱ्या. हर्बर्ट चॅपमनने 1933 मध्ये या पांढऱ्या बाह्या आणल्या, आणि त्या दिसल्या नाहीत की मला ती आर्सेनलची जर्सीच वाटत नाही. गेल्या वर्षी छातीवर क्लबची खूण असलेली नुसती तोफ होती. यंदा पूर्ण बोधचिन्ह परत आलंय, ते मला जास्त आवडलं. लाल रंग नीट लाल आहे, राणी कलरकडे झुकलेला नाही. कापड पॉलिस्टर असलं तरी पातळ आहे आणि घाम पटकन वाळतो. संध्याकाळच्या सीएसएमटी-कल्याण फास्टमध्ये, लेडीज डब्यात, दोन्ही बाजूंनी दाबलेली असतानाही पाठीला चिकटली नाही. मुंबईत घालायच्या कपड्याची याहून कडक परीक्षा मला माहीत नाही. साइज मात्र जपून घ्या. खांद्यात बरोबर बसते, कमरेशी अंगाबरोबर येते. माझं नेहमीचं मीडियम आहे, मी लार्ज घेतलं आणि बरं झालं. प्लेयर व्हर्जन आणखी आवळ असतं आणि महागही. ज्यांचं पोट सपाट आहे त्यांनी तिकडे जावं.

आता सगळे विचारतात तो प्रश्न: फर्स्ट कॉपी का नाही? माझ्या भावाने फूटपाथवरून साडेसहाशेला आणलीय, दुकानदाराने हजार सांगितले होते. दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या. पाच फुटांवरून फरक कळत नाही, खरंच कळत नाही. जवळ गेलं की बोधचिन्हाच्या कडेचे धागे सुटलेले दिसतात आणि कापड रेनकोटसारखं करकरतं. भाऊ कॉलेजात आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण रोजच्या लोकलसाठी घेत असाल तर त्या कापडात शिजाल.

नाव छापायला धोबी तलावला गेले. मेट्रो सिनेमाच्या आसपास खेळाच्या सामानाची दुकानं आहेत, त्यातलंच एक, गल्लीतलं, जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढं. गेले ते नेमकी भारताच्या मुलींनी डी. वाय. पाटीलवर क्रिकेटचा वर्ल्ड कप जिंकला त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. रांग सगळी निळ्या जर्सींची. अर्ध्या पाठींवर जेमिमा, उरलेल्यांवर हरमनप्रीत आणि स्मृती. एक बाबा आपल्या सात-आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आले होते, तिला नाव स्वतःचंच हवं होतं. लाल जर्सी घेऊन मी एकटीच. दुकानातल्या काकांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, तासभर लागेल, चहा पिऊन या." समोर कयानी या इराणी कॅफेत जाऊन ब्रून मस्का खाल्ला. ही सोय या सेवेचाच भाग धरा.

काम कसं करतात तेही सांगते. प्लॉटर या कापायच्या यंत्रावर व्हिनाइलच्या शीटमधून अक्षरं कापतात, नको तो भाग चिमट्याने उचलतात, मग जर्सी हीट प्रेसखाली ठेवून दाबतात. अक्षराप्रमाणे पैसे घेतात. म्हणजे साका आणि राइस ही खेळाडूंची नावं स्वस्तात पडतात, झुबिमेंडीला नऊ अक्षरं. काकांनी विचारलं, "कुणाचं?" आणि मी आधीच ठरवलेलं सांगितलं: गॅब्रियल, सहा नंबर.

"तो पुढे खेळतो तो?" तो गॅब्रियल मार्टिनेली. "मग नऊ नंबरवाला?" तो गॅब्रियल जेसुस. मला हवा होता तो सेंटर बॅक, म्हणजे मागे मधोमध बचाव करणारा. काका म्हणाले, डिफेंडरचं नाव सहसा कोणी छापत नाही.

छापत नाहीत, खरंय. मीही कधी छापलं नव्हतं. माझ्याकडे एक जर्सी व्हॅन पर्सीच्या नावाची आहे. तो 2012 मध्ये मँचेस्टर युनायटेडला गेला आणि पहिल्याच वर्षी तिकडे लीग जिंकला. आई त्या जर्सीने पंखे पुसते. गॅब्रियलने निदान जूनमध्ये नवा करार केलाय. पण कारण तेवढंच नाही. यंदा मला जी काही आशा वाटतेय ती पुढच्या फळीमुळे नाही, मागच्या फळीमुळे आहे. हे लिहितेय तेव्हा, म्हणजे नोव्हेंबर 2025 च्या सुरुवातीला, लीगचे दहा सामने झालेत: आठ जिंकले, एक बरोबरीत, एक हरलो. 25 गुण. गोल 18 केले आणि खाल्ले किती, तर तीन. ऑक्टोबरभर सगळ्या स्पर्धा धरून एकही नाही. लक्ष्मीपूजनाच्या रात्री साडेबाराला अॅटलेटिको माद्रिदची मॅच लागली, चार-शून्य. मी फराळाचं ताट मांडीवर घेऊन बसले होते आणि शेवटची वीस मिनिटं चक्क पेंगले. आर्सेनल बघताना झोप येणं हे मला नवीन आहे. एरवी एका गोलची आघाडी असली की माझी नखं जातात.

आणि जिंकतात कसे, तर कॉर्नरवर, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून मारलेल्या किकवर. कॉर्नर मिळाला की सेट-पीसचा, म्हणजे थांबलेल्या चेंडूवरच्या चालींचा कोच निकोला जोव्हर उठून टचलाइनपाशी येतो आणि आमच्या घरात टीव्हीचा आवाज वाढतो. न्यूकॅसलला 84 व्या मिनिटापर्यंत एक-शून्य मागे होतो. आमच्या मेरिनोने बरोबरी केली, मग 96 व्या मिनिटाला कॉर्नर, गॅब्रियलचं डोकं, दोन-एक. नवरात्र होतं, खाली मंडपात गरबा चालू होता, त्यामुळे माझी किंकाळी कोणाला ऐकू गेली नाही. याच मॅचमध्ये जर्सीवर कोणाचं नाव घालायचं ते ठरलं. लोक म्हणतात हा फुटबॉल कंटाळवाणा आहे. असू दे. देखणा फुटबॉल खेळून दुसरं येणं आम्ही मनसोक्त अनुभवलंय.

तो हिशेबही मांडते, नाहीतर नव्यांना वाटेल ही बाई उगाच घाबरते. 2022-23 मध्ये 248 दिवस पहिल्या नंबरवर होतो आणि लीग मँचेस्टर सिटीने नेली, 84 गुण विरुद्ध 89. पुढच्या वर्षी 89 गुण केले, सिटीने 91. 2024-25 मध्ये पुन्हा दुसरे, लिव्हरपूलपेक्षा दहा गुण मागे. त्याआधी लीग जिंकली ती 2003-04 मध्ये, 38 पैकी एकही सामना न हरता. माझ्या टीममध्ये नवीन लागलेल्या मुलाचा तेव्हा जन्म व्हायचा होता.

म्हणून ऑफिसातल्या आमच्या ग्रुपवर सध्या कोणीही "लीग" हा शब्द टाइप करत नाही. दुसऱ्या नंबरवरच्या सिटीपेक्षा सहा गुण पुढे आहोत, तरी बोलणं फक्त पुढच्या मॅचचं. शनिवारी रात्री अकराला सनडरलंड, बस्स. उदाहरण घरातच आहे. लिव्हरपूलने पहिल्या पाचही मॅच जिंकल्या. त्यातली एक आमच्याविरुद्ध, गौरी आल्या त्या रात्री, त्यांच्या सोबोसलाईची ती लांबून मारलेली फ्री किक. नवऱ्याने गौरीपुढे हात जोडून माझ्याकडे पाहिलं होतं. मग क्रिस्टल पॅलेस, चेल्सी, युनायटेड, ब्रेंटफर्ड, ओळीने चार हरले. सुरुवातीवर काही ठरत नाही, हे त्याच्या तोंडून ऐकायला मला फार आवडतं, पण ते माझ्या संघालाही लागू आहे.

एक मात्र बोलून घेते. आर्सेनल काही जिंकत नाही, असं जे म्हणतात त्यांनी मे 2025 मधली लिस्बनची फायनल बघावी. आर्सेनलच्या मुलींनी बार्सिलोनाला एक-शून्य हरवून महिलांची चॅम्पियन्स लीग घेतली. छातीवरची तोफ तीच. तो गोल करणाऱ्या ब्लॅकस्टेनियसचं नाव छापायचा विचार मनात येऊन गेला, पण अक्षरं मोजली आणि थांबले.

छपाईकडे परत. अक्षरं सरळ आहेत, "सहा" किंचित डावीकडे सरकलाय. मला दिसतो, इतर कोणाला दाखवल्याशिवाय दिसत नाही. काकांना दाखवलं तर म्हणाले, "कॉर्नरला वाकून उभा राहिलाय तो." पैसे कमी केले नाहीत. व्हिनाइल मूळ छपाईपेक्षा जाड लागतं आणि टेकून बसलं की पाठीला कळतं. थंड पाण्यात, उलटी करून, हाताने धुतेय, छपाईवर इस्त्री नाही, उन्हात नाही. अजून भेग नाही.

जर्सीला पाचपैकी साडेचार, छपाईला साडेतीन, ब्रून मस्क्याला पाच. जायचं असेल तर मरीन लाइन्सला उतरा, चालत पाच-सात मिनिटं. शनिवारी दुपारी जाऊ नका, गर्दी असते. स्पेलिंग कागदावर लिहून न्या आणि प्रेस बंद करायच्या आधी नंबर मधोमध आहे का ते स्वतः बघा.