कापसाला रंग लागलेला दाखवून मला ५२,००० रुपयांना फसवलं

बाबांनी १९९८ साली मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीतून एक चित्र आणलं होतं. तीन बाय तीन फुटांचं अ‍ॅक्रिलिक, गडद निळ्यावर पिवळे-तांबडे त्रिकोण आणि मधून जाणारी बारीक पांढरी पट्टी. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या घरात ते इतकी वर्षं जपलं. बाबा गेल्यावर बहिणीशी वाटणी करताना त्याची किंमत काढून घ्यायचं ठरलं, आणि तिथेच घात झाला.

ओळखीतून एक 'व्हॅल्युअर' घरी आला. बोलणं अगदी अदबीचं. चित्रकार एस. एच. रझांच्या 'जेस्टेशन' या चित्राला २०२३ मध्ये लिलावात ५१.७५ कोटी मिळाले, असल्या भौमितिक अमूर्त चित्रांना आता दिवस आलेत, असं सांगत त्याने आमच्या चित्राची किंमत सहा लाख काढली. फी किमतीच्या ५ टक्के. म्हणजे आकडा जितका फुगेल तितकी त्याची कमाई! रझांच्या लिलावाचा आमच्या चित्राशी काडीचाही संबंध नव्हता. त्याच चित्रकाराची, त्याच आकाराची चित्रं कितीला गेली, एवढंच मी विचारायला हवं होतं.

मग त्याने खिशातून बाटली काढली, कापसाचा बोळा भिजवला आणि तांबड्या त्रिकोणाच्या कोपऱ्यावर फिरवला. बोळा लालभडक.

"ताई, बघा, रंग सुटायला लागलाय. पावसाळ्याच्या आत काम केलं नाही तर चित्र हातचं गेलं."

माझं धाबं दणाणलं. फीचे ३०,००० आणि दुरुस्तीचे २२,००० त्याच संध्याकाळी दिले. बाटलीला थिनरसारखा वास येत होता. थिनर किंवा अ‍ॅसिटोन लावलं की धडधाकट अ‍ॅक्रिलिकचाही रंग उतरतो, हे नंतर कळलं.

मे महिन्याच्या भर दुपारी त्याने चित्र बबल रॅपमध्ये गुंडाळून डिकीत टाकलं. अ‍ॅक्रिलिक उष्णतेने मऊ पडतं. परत आलं तेव्हा निळ्या भागावर बुडबुड्यांचे गोल वण ओळीने उमटले होते आणि वरून चकचकीत व्हार्निश फासलेलं. मूळ चित्राला जराही चमक नव्हती. पांढऱ्या पट्टीची कड चित्रकाराने मास्किंग टेप लावून काढलेली. टेप सोलताना राहिलेला रंगाचा केसाएवढा उंचवटा तिरक्या उजेडात दिसायचा. बाबा टॉर्च आडवा धरून तो पाहुण्यांना दाखवत. आता ती कड हाताने गिरवलेली आहे, दोन ठिकाणी वाकडी.

शेवटी मी चित्रकारांचाच नंबर मिळवला. ते हयात आहेत, आणि आमच्या चित्राची नोंद फोटोसकट त्यांच्या वहीत होती. हा फोन मी पहिल्या दिवशी केला असता तर! ते म्हणाले, व्हार्निश काढायला जे लावाल ते खालच्या रंगालाही खाईल, आता कुणाला हात लावू देऊ नका. धूळ मऊ, कोरड्या ब्रशने झटका, ओलं फडकं नको. पावसात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवरून काढून आतल्या भिंतीवर, ऊन लागणार नाही असं टांगा.

त्याने दिलेल्या दाखल्यावर किंमत कशावरून काढली त्याचा एक शब्द नाही. आकडा, सही आणि सोनेरी शिक्का, बस्स.

मी पोलिसांत अर्ज दिलाय. बाबांची पावती आणि चित्राचे जुने फोटो सोबत जोडलेत. नाशिकमध्ये आणखी कुणाच्या घरी हा कापसाचा प्रयोग झाला असेल तर मला कळवा, आपण एकत्र जाऊ.